चिंध्याईची वाकळ

१५ जानेवारी २०२५

प्रिय ज्ञाना,

काल संक्रांत झाली. तुला तिळगूळ पाठवायचा म्हणून डबी भरून पोस्टात नेली होती. खिडकीतला माणूस म्हणाला, मॅडम, खायची वस्तू तिकडं आयर्लंडला अडकवून ठेवतील. मी डबी पर्समध्ये टाकली आणि येताना रस्त्यात अर्धी संपवली. म्हणून हे नुसतं पत्र. व्हॉट्सॲपवर मी काही टाकलं की दोन निळ्या रेघा उमटतात आणि तुझं उत्तर येत नाही. पत्राला निदान त्या रेघा नसतात.

आई बरी आहे. गुडघ्यांनी जेरीस आणलंय. काल गल्लीतल्या पोरांनी तिळगूळ पुढं केला तर तिनं एकाचाही घेतला नाही. 'मला साखर झालीया, तुमीच खावा' म्हणून सगळ्यांना वाटेला लावलं. चहासुद्धा ती कित्येक वर्षं बिनसाखरेचा पिते, तुला कुठून माहीत असणार. तुझं नाव अर्थातच काढलं नाही. मी मुद्दाम म्हटलं, ज्ञानाकडं आता किती थंडी पडली असेल. तर पदर झटकून गोठ्यात निघून गेली. तुमचं दोघींचं तुम्ही बघा, मी मध्ये पडणार नाही, असं मी दर संक्रांतीला ठरवते.

शाळेत नवीन खूळ आलंय. पुण्याची एक संस्था इकडच्या खेड्यातल्या शाळा आणि तिकडच्या आयर्लंडमधल्या शाळा जोडून देते. विषय काय, तर 'केल्टिक वारसा आणि आपण'. केल्टिक म्हणजे तिकडचे जुने लोक, त्यांची चित्रं, देवस्थानं, सणवार. तू तिथं राहतेस, तुला जास्त कळत असेल. केंद्रप्रमुखांनी मीटिंगमध्ये विचारलं, कोण घेतंय हे? सगळ्या गुरुजींनी माना खाली घातल्या. मी हात वर केला. आयर्लंड हे नाव ऐकून केला असं तुझ्या डोक्यात येईल, तर तसं काही नाही. कुणीतरी घ्यायला हवं होतं.

पुण्याहून मोनिका नावाची मुलगी येते. चित्रकार आहे, कानात चार-चार रिंगा, पण पोरांशी गोड वागते. तिनं सुरुवात-शेवट नसलेल्या गाठींची चित्रं काढायला शिकवलं. चौथीतला एकजण सबंध तास बोट फिरवत बसला आणि शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, ही सुटती कुठून?" मग ब्रिजिड नावाच्या त्यांच्या कुणा बाईच्या सणाला लव्हाळ्याचा क्रॉस विणतात, तो झाला. आपल्याकडं लव्हाळा कुठला आणायचा? पोरांनी उसाच्या पाचटाचे विणले. सगळ्यांची बोटं कापली, मी हळद लावत बसले.

गेल्या आठवड्यात तिनं भिंतीवर फोटो दाखवले. एका विहिरीकाठी काटेरी झाड, आणि त्याला फांदीफांदीला चिंध्या बांधलेल्या. आजारपण जावं म्हणून तिकडचे लोक बांधतात म्हणे. सगळा वर्ग उठून ओरडायला लागला, "आपली चिंध्याई! आपली चिंध्याई!" खरंच गं, शिवेवरचा आपला हिवर आणि ते झाड, शेजारी ठेवली तर वेगळी ओळखू येणार नाहीत. मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर ती बरंच काही सांगत होती, पण मी मागच्या बाकावर बसून पोषण आहाराची माहिती मोबाईलवर भरत होते. दुपारी बाराच्या आत भरली नाही की फोन येतो.

आता दोन्ही शाळांनी मिळून कापडाची एक मोठी वाकळ करायची ठरलीय. अर्धी आपल्या पोरांनी, अर्धी तिकडच्या. ती तिकडच्या गावच्या वाचनालयात लावणार. क्लेअर नावाचा जिल्हा आहे. तुझ्या लिमरिकपासून किती लांब असतो?

दमले आहे. बाकी ठीक.

तुझी,
राहीआक्का


२८ जानेवारी २०२५

प्रिय ज्ञाना,

वाकळ मोनिका घेऊन गेली. फार देखणी झाली. मधोमध गाठीची नक्षी, आणि चारी बाजूंनी चिंध्यांच्या पट्ट्या, लाल, पिवळ्या, विटलेल्या. आई शिवायची तसा आडवा धावदोरा मीच घातला, पोरांच्या टाक्यांत काही जीव नव्हता. सव्वीस जानेवारीला झेंड्यानंतर सरपंचांनी भाषणात आमचं कौतुकसुद्धा केलं.

आणि त्याच दिवशी दुपारी लफडं झालं. रतनबाई चिंध्याईला गेली होती. रतनबाई म्हणजे गिरणीवाली, तिचा पोरगा रामहरी सैन्यात आहे. तिला तिची चिंधी दिसली नाही. अजून चार बायकांच्याही नाहीत. संध्याकाळपर्यंत पोरांनी कबूल केलं, की शाळेच्या वाकळेत गेल्या.

तू इथून गेलीस त्याला बरीच वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते. चिंध्याईला बाई पहाटे एकटी जाते, ज्याच्यासाठी मागणं मागायचं त्याच्या कपड्याची चिंधी बांधते. ते पदरात पडलं की जिनं बांधली तिनंच सोडायची, दुसऱ्याचा हात लागायचा नाही. आणि सुटेपर्यंत त्या माणसाचं नाव तोंडात आणायचं नाही, आणि एखादी वस्तू सोडायची. म्हणून रतनबाई रामहरीला कधी रामहरी म्हणत नाही, 'आमचा फौजी' म्हणते. तो फोनवर असला तरी 'काय रं फौजी'. कांदा सोडलाय तिनं. नगर जिल्ह्यात राहून कांदा सोडणं म्हणजे काय ते तूच बघ.

झालं असं, की मी पोरांना घरून जुनं कापड आणायला सांगितलं होतं. कोण आणणार? जुनेरं सगळ्यांची आधीच घरच्या वाकळांत गेलेली. दोघं-तिघं नव्या साडीचा कोपरा कापून घेऊन आले आणि त्यांच्या आया मला भांडून गेल्या. एवढ्यात पोरं चिंध्याईकडून ओंजळी भरून चिंध्या घेऊन आली. पोरंच ती. मला वाटलं, खाली गळून पडलेल्या असतील.

शाळा समितीचे अध्यक्ष गहिनीनाथ पाटील मला म्हणाले, बाई, प्रकरण तापतंय, पुढच्या आठवड्यात मारुतीच्या देवळात बैठक लावू. बदलीचा अर्ज तयार ठेवा असं हसत हसत म्हणाले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत. आता अकोले तालुक्यात डोंगरात फेकलं तर आईला कुठं ठेवू?

आईला मी अजून सांगितलेलं नाही. पण गावात राहून किती लपणार. आज सकाळी ती काठी टेकत शिवेपर्यंत जाऊन आली. गुडघे तसे असताना! विचारलं तर म्हणाली, पाय मोकळे करत हुते.

तुझी,
राहीआक्का


११ फेब्रुवारी २०२५

ज्ञाना,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. पोरं आपणहून चिंध्याईला गेली नव्हती, मी पाठवलं होतं. मोनिकाला दुसऱ्या दिवशी वाकळ न्यायची होती, चारी कडा मोकळ्या होत्या, डोकं उठलं होतं. मी म्हटलं, जा रे, हिवराखाली पडलेल्या असतील त्या वेचून आणा. खालच्या कुजलेल्या होत्या, म्हणून पोरांनी झाडावरच्या कापून आणल्या. टेबलावर पडल्या तेव्हा गाठी ताज्या कापलेल्या मला दिसल्या. दिसल्या, आणि मी सुईत दोरा ओवला. परत न्या म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण मला घरी जायचं होतं.

वर आता मोनिकाचा फोन आला होता, रडत होती बिचारी. म्हणाली, मॅडम, मी तर त्या दिवशी फोटोसोबत सांगितलंच होतं, की तिकडंसुद्धा दुसऱ्याची चिंधी कुणी काढत नाही, काढली तर त्याचं आजारपण काढणाऱ्याला लागतं म्हणतात. ते ती सांगत होती तेव्हा मी भाताचे किलो भरत होते. तिकडच्या शिक्षकांनाही कळलंय. ते घाबरलेत, अख्खी वाकळ परत पाठवतो म्हणतायत.

बैठक रविवारी झाली. सगळं गाव लोटलं होतं. उसाची मोळी सोडून पोरं आली होती बघायला. मी खांबाला टेकून उभी होते. गहिनीनाथ पाटलांनी सुरुवात बरी केली, पण रतनबाई उठली आणि म्हणाली की माझा फौजी बर्फात उभा हाय, त्याला काय झालं तर ही मास्तरीण देणार हाय का भरून? मी हात जोडले. एकीनं म्हटलं, हिलाच झाडाला बांधा. बदलीचा ठराव लिहायला घेतला होता.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. आई. मी तिला घरी कडी घालून आले होते, शेजारणीकडून उघडून घेतली असणार. पार पुढं येऊन कठड्यावर बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, "पाच न्हाई, सा चिंध्या गेल्यात. एक माझी हुती."

मला वाटलं म्हातारी मला वाचवायला थाप मारतेय. रतनबाईलाही तसंच वाटलं असावं. तिनं विचारलं, "कुनाच्या नावाची गं चांगुणामावशे?"

आई म्हणाली, "आता चिंधीच राहिली न्हाई, तर नाव कशापायी गिळू? माझ्या ज्ञानेश्वरीची."

ज्ञाना, तिनं तुझं नाव घेतलं. भर गावात, मोठ्यानं. आणि एकदा घेतलं तर थांबेचना. ज्ञानेश्वरी लई लांब हाय, ज्ञानेश्वरी एकटी हाय, ज्ञानेश्वरी आपल्या पायानं घरी यावी म्हणून बांधली हुती. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या पहाटे बांधली. मला सांगितलं नाही, स्वतःच्या नवऱ्याला, दादांनाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. दादा गेले तेव्हा तुझा फोन आला आणि तिनं तो हातात घेतला नाही, तुला 'ती नर्स' म्हणाली, आणि तू मला म्हणालीस, आई मला नावानं हाक मारील त्या दिवशी उंबरा ओलांडीन. आम्ही सगळे समजलो की हिचा राग विझत नाही. तू जाताना ती ओरडली होतीच ना, की माझ्या तोंडात तुझं नाव यायचं न्हाई म्हणून. रागानं ओरडली असेल, पण पाळलं मात्र चिंध्याईसाठी.

मी याच गावात जन्मले, याच गावात शिकवते. रतनबाई पोराला फौजी का म्हणते ते मला पाठ आहे. आणि माझ्या घरात माझी आई तेच करतेय हे मला दिसू नये? मी देवळातच रडले. शिकवलेली पोरं बघत होती, तरी रडले.

नंतर आई रतनबाईला म्हणाली, लेकरांनी माझीबी काढली, मी काय बोलले का? माझ्या लेकीला झाडाला बांधायचं असलं तर आदी मला बांधा. ठराव तसाच राहिला. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी खुलासा मागितलाय, तो देईन.

घरी आल्यावर मी चहा टाकला आणि म्हटलं, आई, साखर? तर म्हणाली, "साखर कुनाला झालीया? गोड सोडलंय मी. ते ती आल्यावर."

आजूबाजूला कारखाना, चारी बाजूंनी ऊस, हंगामात हवासुद्धा गोड येते. आणि ही बाई इतकी वर्षं त्यात बसून फिका चहा पितेय, आणि मी दर सहा महिन्यांनी तिचं रक्त तपासून आणते आणि डॉक्टर म्हणतात, छान कंट्रोल आहे हं आजींचा.

राहीआक्का


२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय ज्ञाना,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय, कारण यात तारीख आहे.

घरी सध्या तुझ्याशिवाय दुसरा विषय नाही. ज्ञानाला भाकरीचा पापुद्रा आवडायचा. ज्ञाना लहानपणी म्हशीवर बसून झोपायची. ज्ञाना तिथं काय खाती, ज्ञानाला तिथं कोन हाय. तुझे दाजी कारखान्यावरून शिफ्ट करून येतात तर त्यांनाही धरून बसवते. परवा ते मला हळूच म्हणाले, आधीचंच बरं होतं. गंमत म्हणजे सबंध गावाचं तसंच झालंय. रतनबाई गिरणीत फोन कानाला लावून दिवसभर 'रामहरी, ए रामहरी' करते. एकीचा नवरा बरेच दिवस घर सोडून गेलाय, ती त्याला नाव घेऊन शिव्या देते. मी तोंड वर करून गावातून चालू शकत नाही, पण खरं सांगायचं तर बायका माझ्यावर पहिल्यासारख्या चिडलेल्या नाहीत.

पण हे टिकणार नाही. गहिनीनाथ पाटलांनी आणि बायकांनी ठरवलंय, की होळीनंतरच्या मंगळवारी, म्हणजे अठरा मार्चला, सगळ्यांनी पुन्हा चिंध्या बांधायच्या. चिंध्याईला नारळ द्यायचा आणि मोडलेलं मागणं नव्यानं मागायचं. एकदा बांधली की नाव पुन्हा बंद. आईचंही.

तिनं मला पेटीतून तुझी ओढणी काढून दाखवली. हायस्कुलातली, निळी. उन्हानं चिंधी दर वर्षी जीर्ण होते, म्हणून ती दर वर्षी नवी पट्टी कापायची, जुनी सोडायची आणि त्याच गाठीच्या जागी नवी बांधायची. ओढणी अडीच वार असते ना? आता वीतभर उरलीय. शेवटची दोन वर्षं तर तिनं करंगळीएवढीच पट्टी कापलीय, पुरावी म्हणून.

मी तिकडच्या लोकांना कळवलंय की वाकळ परत पाठवू नका. ती सतरा मार्चपर्यंत क्लेअरच्या त्या वाचनालयात आहे, गावाचं नाव-पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. मोनिका म्हणते, लिमरिकहून गाडीनं तासाभराचं अंतर. डाव्या कडेला खालून तिसरी पट्टी निळी आहे. ती तुझी.

आणि हो, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी हात वर केला तो आयर्लंड ऐकूनच. दुसरं काय कारण असणार?

तू म्हणाली होतीस, नावानं हाक मारली तर. मारलीय तिनं. आता तू माझ्यावर चीड, आईवर चीड, पण अठराच्या आत काहीतरी कर. फोन कर, नाहीतर निदान जाऊन ती पट्टी बघून ये. मी दोघींमध्ये निरोप ने-आण करून कंटाळले आहे, आणि ते निरोपसुद्धा माझ्याच मनचे असायचे. तुम्ही दोघी तर काही बोलतच नव्हता.

राहीआक्का


१९ मार्च २०२५

प्रिय ज्ञाना,

शनिवारी तुझा फोटो आला. शब्द एक नाही, नुसता निळ्या पट्टीवर ठेवलेला हात. मी तो आईला दाखवला. तिनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला, मग मला मोठा करून मागितला. हातावर भाजल्याचा डाग आहे तो तिनं लगेच ओळखला, तू चुलीत हात घातला होतास तेव्हाचा. बराच वेळ बघून म्हणाली, "हात लई वाळलाय. खाती का न्हाई ही?" नंतर दिवसभर मोबाईल मला दिला नाही. शाळेची हजेरी भरायची राहिली, केंद्रप्रमुखांचा फोन आईनंच उचलला आणि त्यांनाही फोटोचं सांगितलं.

काल मंगळवार. पहाटे मी तिला धरून हिवरापर्यंत नेलं. सगळ्या बायका आल्या होत्या. मी लांब बांधावर थांबले, मला जवळ जायचं तोंड नव्हतं. रतनबाईनं रामहरीच्या जुन्या शर्टाची पट्टी बांधली. बांधण्याआधी तिनं त्याचं नाव दोनदा घेतलं, आणि मग ओठ मिटून बाजूला झाली. बाकीच्यांनीही बांधल्या. मग आईची पाळी आली.

ती ओढणीचा तुकडा मुठीत धरून उभी राहिली. बायका थांबल्या. रतनबाई म्हणाली, चांगुणामावशे, बांध की, मी फांदी खाली वडते.

आई म्हणाली, "न्हाई बांधत. बांधली तर तोंड बी बांधलं. तेवढा टाइम न्हाई आता माझ्याकडं. मला तिचं नाव पायजे."

मग तिनं झाडाला हात जोडले, नारळाचा तुकडाही न घेता वळली आणि माझ्याकडं चालत आली. बायकांना पटलं की नाही मला ठाऊक नाही. एकजण म्हणाली, मागणं अर्धं टाकलं, बरं न्हाई. घरी येताना आई वाटभर खाली बघत काठी टेकत राहिली. मला धास्ती वाटली, की तिला पस्तावा होतोय. दारात आल्यावर कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, ज्ञानाला लिव्ह, की झाडावर आता तुझं काय बी न्हाई. तुला यायचं तर ये, न्हाई तर नको येऊ, चिंध्याई काय तुला वढून आनायची न्हाई. मी नाव घ्येनार.

हे जसंच्या तसं लिहिलं. माझ्या मनचं यात काही घातलेलं नाही.

चहा मात्र अजून फिकाच घेते. मी म्हटलं, आता चिंधी नाही, मागणं नाही, मग साखर घे की. म्हणाली, त्ये देवाचं नव्हतं, त्ये माझं हाय. चिंध्याईला निदान समजावता येतं, आईला कोण समजावणार?

ओढणीचा तुकडा या पाकिटात घालायला सांगत होती. मी घातला नाही. तिच्या उशाखाली आहे, न्यायला तूच ये. मे महिन्यात माझी शाळा बंद असते, राहुरी स्टेशनावर मी येईन, नाहीतर शिर्डीपर्यंत विमान येतं म्हणतात, दाजी टेम्पो घेऊन येतील. तारीख ठरली तर मला कळव, आईला नको. तिला कळली तर ती तेव्हापासून दारात बसेल आणि मला शाळा, स्वयंपाक आणि तिच्या डोक्यावर छत्री धरणं, तिन्ही करावं लागेल.

ये गं, ज्ञाना. साखर घरात आहे. तिचा चहा तू कर, मी एकदा आयता पिते.

तुझी,
राहीआक्का